बाई निघाल्या का?

२२ सप्टेंबर, रविवार

टेलिफोन खात्यात सगळी हयात फॉल्ट शोधण्यात गेली. गिऱ्हाईक सांगायचं, "फोन मेला," आणि दोष निघायचा भलतीकडेच, जिन्याखाली उंदराने कुरतडलेल्या वायरीत. तेव्हा रोज डायरी भरावी लागे. निवृत्त झालो तरी हात शिवशिवतो म्हणून ही घरची डायरी. घरात काही बिघडलं तर नोंद असावी.

आज बिघडलं. क्षितिजाने जेवता जेवता सांगितलं, "दोन तारखेला रात्री मी ट्रेकला जातेय. चार दिवस. घाटावरून खाली कोकणात उतरणार."

"कोण कोण?" सुगंधाने विचारलं.

"मीच."

सुगंधाने तव्यावरची भाकरी उलटली. लेकीचं वय सत्तावीस, जवळच हाटकेशला एका कारखान्याच्या ऑफिसात खोक्यांची डिझाइनं करते, स्वतःचा पगार आहे. तिला नको म्हणायची सोय राहिलेली नाही.

जेवण झाल्यावर क्षितिजाने मला गॅलरीत नेलं, दार लावलं आणि मोबाइलवर सगळी वाट दाखवली. मुक्काम कुठे, घाट कुठून उतरणार, शेवटी महाडला कशी पोचणार. म्हणाली, "पप्पा, हे फक्त तुम्हाला दाखवतेय. मधे रेंज नसेल. शेवटच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत माझा फोन आला नाही, तर ह्या बचाव पथकाच्या नंबरला फोन करा. सहाच्या आधी नाही. आणि कुणाला सांगायचं नाही. आईला तर मुळीच नाही. ती अख्खा तालुका उठवेल."

"आणि मी सांगितलं तर?"

"तर पुढच्या वेळी तुम्हालाही सांगणार नाही." हसत म्हणाली, पण माझीच मुलगी आहे, बोलली की करते. म्हणजे उद्या कुठल्या डोंगरात गेली तर घरातल्या एकालाही पत्ता नसेल. तोंड बंद ठेवणं आलं.

"एकटीच का पण?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मला बघायचंय, कोणी काही विचारत नसताना मी कशी असते ते."

ह्याचा अर्थ मला लागला नाही. नोंद करून ठेवतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बातमी फुटली. माझ्याकडून नव्हे, क्षितिजानेच लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या राजश्री वहिनींना सांगितलं. वहिनी लालबागहून इथे पूनम सागरला राहायला आल्या तेव्हापासून आमच्या बिल्डिंगला वेगळ्या नोटीस बोर्डाची गरज उरलेली नाही. संध्याकाळपर्यंत वॉचमननेही विचारलं.

मग मी म्हटलं, एवढे सगळे घाबरलेत, तर नेमके कशाला घाबरलेत ते तरी शोधू. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बिबट्या हो भाऊ! अजून काय?" बिबट्या घोडबंदरच्या बाजूला आपल्याकडेच फिरतो, असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तो आपला असतो. तिकडचा अनोळखी."

सेक्रेटरी मेहताभाई म्हणाले, "अंकल, जानवर का क्या है, जानवर तो डर के भागता है. आदमी का सोचो, आदमी का." विरारहून धाकट्या भावाचा, ईश्वरचा फोन आला. त्याला बिबट्याची भीती नाही, माणसांचीही नाही. "दादा, उद्या स्थळवाल्यांनी विचारलं तर काय सांगणार? पोरगी एकटी रानात राहते म्हणून?"

प्रत्येकाचा फॉल्ट वेगळ्या जागी. माझा कुठे आहे तेही पाहिलं. मला दिसतो एक ओला दगड आणि त्यावरून घसरलेला पाय. एवढंच, पण झोपताना डोळे मिटले की तेच.

सुगंधाला विचारलं, "तुला कशाची भीती?"

"मला कशाला भीती?" ती लसूण सोलत होती. बायकोचं काळीज इतकं घट्ट असेल असं इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज एक काम शिताफीने केलं. क्षितिजाच्या वाटेवर रेंज कुठे आहे नि कुठे नाही हे मला कळायला हवं होतं. सुगंधाचं माहेर त्याच खोऱ्यातलं, तिची मावसबहीण शेवंता घाटावर दिलेली. माहिती तिच्याकडेच. पण तिला कळता कामा नये.

मी पेपर वाचता वाचता म्हटलं, "तुझ्या शेवंताच्या गावाला मोबाइल लागतो का गं?"

"का?"

"सहज."

थोड्या वेळाने दुसरं पान उघडून विचारलं, "आणि घाट उतरल्यावर ती धनगरांची वाडी आहे बघ, तिथून तुमच्या मंडळाची शाखा असलेलं पहिलं गाव किती लांब?"

"चालत की गाडीने?"

"चालत."

"कुठल्या वाटेने? ओढ्याकडून की देवराईकडून?"

"ओढ्याकडून."

तिने सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलंय का हो?" म्हणजे तिचं लक्ष आमटीत होतं. काम फत्ते. खात्यात मला उगाच नाही अवघड फॉल्टवर पाठवायचे.

२९ सप्टेंबर, रविवार

क्षितिजाचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कोणी विचारत नसताना माणूस कसा असतो? म्हटलं, स्वतः करून पाहावं. सकाळी रिक्षा करून घोडबंदरच्या बाजूच्या चेण्याला गेलो, गाव मागे टाकलं आणि नदीच्या बाजूने एकटाच चालायला लागलो.

पहिल्या वळणावर म्हशी घेऊन एक म्हातारा उभा. "कुठं चाललाव काका? पुढं काय न्हाय, रान हाय."

"फिरायला."

"एकलेच? घरचा कोन न्हाय?"

त्याला समजावून पुढे निघालो तर मोटारसायकलवरून दोघे आले. "काका, काय झालं? बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, छान वाटतंय. ते एकमेकांकडे बघत राहिले. मग धुणं धुणाऱ्या बाईने हाक मारली, "बाबा, घरी भांडान झालाय का?"

ह्या वयाचा माणूस एकटा चालतो म्हणजे एकतर वाट चुकला असणार नाहीतर बायकोशी भांडला असणार. तिसरं कारण जगाला सुचत नाही. शेवटी एका दगडावर बसलो. पाण्याचा आवाज येत होता. खरंच कोणी नव्हतं. दोन मिनिटं बरं वाटलं, आणि मग मलाच वाटायला लागलं की कोणीतरी विचारावं.

तेव्हा मी कसा असतो ते कळलं. क्षितिजाचं तिला कळो.

२ ऑक्टोबर, बुधवार

रात्रीच्या एसटीने गेली. डेपोपर्यंत सोडायला येऊ का म्हटलं, तर नको म्हणाली. सॅक तिच्यापेक्षा रुंद. सुगंधाने सुक्या जवळ्याची चटणी दिली, आणि एक पांढरी टोपी. स्टेशनच्या बाजारातून मुद्दाम आणली होती.

"आई, माझ्याकडे आहे टोपी. ग्रे कलरची."

"ती नको. पांढरी घाल, ऊन कमी लागतं."

"बरं बाई." टोपी घातली आणि गेली. सुगंधा लिफ्ट खाली पोचेपर्यंत दारात उभी राहिली, मग खिडकीत गेली. मी म्हटलं, "भीती नाही म्हणालीस ना?" ती म्हणाली, "टोपी घातली का ते बघत होते."

३ ऑक्टोबर, गुरुवार

वर्षावास सुरू आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. तालुक्याचं मंडळ प्रवचनकार पाठवतं, ते आज ह्या गावाला, उद्या त्या. एका शाखेने जेवू घालून पुढच्या शाखेच्या हवाली करायचं. सुगंधा मंडळाच्या मुंबईच्या महिला शाखेची अध्यक्ष, त्यामुळे ह्या दिवसांत तिचा फोन तापलेलाच असतो. पण लेक रानात असताना? आज सकाळी सहालाच सुरू.

"जय भीम शेवंता. बाई निघाल्या का?... एकट्याच ना? डोक्याला पांढरं आहे?... बरं. पुढे कळव. आणि ऐक, काही विचारायचं नाही. पाणी मागितलं तर द्यायचं. बसा म्हणायचं नाही, जेवा म्हणायचं नाही."

मी चहा पीत होतो. पाहुण्या बाईला बसा म्हणायचं नाही, ही कुठली रीत? विचारलं, "प्रवचनकार बाई फार कडक आहेत का?"

"आहेत जरा," सुगंधा म्हणाली. "त्यांना माणसं मागे मागे केलेली आवडत नाहीत."

असतात अशी माणसं.

संध्याकाळपासून खाली नवरात्राचा गरबा सुरू झाला. मेहताभाई टाळ्या देता देता रांग सोडून माझ्याकडे आले. "कुछ खबर?" नाही म्हटलं. "आप सो कैसे लेते हो, अंकल?" एवढं म्हणून पुन्हा टाळ्या द्यायला गेले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर माझं लक्ष मोबाइलच्या घड्याळात. ती आत्ता पठारावर असेल, आत्ता पाणी भरत असेल. हे कोणाला सांगता येत नाही. ठाऊक असणं आणि बोलता न येणं ही भलतीच शिक्षा आहे. राजश्री वहिनींनी खोदून खोदून विचारलं, "निदान जिल्हा तरी सांगा." नाही सांगितला.

आणि इकडे सुगंधा. "बाई ओढ्याकडे वळल्या का?... कुठे बसल्या?... एकट्याच बसल्या? किती वेळ?... हसत होत्या? कशाला हसत होत्या?... अगं, झाडाकडे बघून कोण हसतं?" तिने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "अहो, एकटं माणूस झाडाकडे बघून हसतं का?"

मी चिडलोच. म्हटलं, "तुझी मुलगी कुठे आहे त्याची चौकशी नाही, आणि त्या बाई हसल्या का रडल्या ह्याची पंचाईत! आई आहेस की मंडळाची अध्यक्ष?"

ती जेवली नाही. भूक नाही म्हणाली. मी जास्त बोललो असेन. पण खोटं बोललो नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी घाटावर वीज-पावसाचा इशारा असल्याचं टीव्हीवर दाखवलं. त्यापाठोपाठ बातमी, कुठल्याशा दुसऱ्याच किल्ल्यावरून एक मुलगा घसरून पडला. किल्ला दुसरा, जिल्हा दुसरा, पण बिल्डिंगला तेवढा फरक परवडत नाही. पाच मिनिटांत राजश्री वहिनी आणि मेहताभाई आमच्या हॉलमध्ये. मागोमाग विरारहून ईश्वर.

"दादा, तुला माहितीय ती कुठे आहे. बोल," ईश्वर म्हणाला.

"सहाला. उद्या."

"उद्या? उद्यापर्यंत काय होईल माहिती आहे?"

"नाही माहिती," मी म्हटलं. तो ओला दगड डोळ्यांसमोरून हलेना.

मेहताभाई पोलिसांत ओळख काढत होते. मी बचाव पथकाचा नंबर काढून त्यावर बोट धरून बसलो. आत्ता केला तर ती सुखरूप असेल आणि मला कधीच माफ करणार नाही. नाही केला आणि काही झालं, तर मी स्वतःला माफ करणार नाही. कुठल्याच बाजूने वाट नाही. असा फॉल्ट मी जन्मात पाहिला नव्हता.

आणि अशा वेळी सुगंधा फोन घेऊन गच्चीवर! मी तिला बोलवायला गेलो. गच्चीच्या दाराआडून ऐकू आलं, "...अजून नाही पोचल्या? धुकं आहे?... मग बायजाला पाठव. भारा घेऊन जा म्हणावं. पुढे पुढे चालायचं, मागे वळून बघायचं नाही. हाक मारायची नाही. नुसती छत्री दिसली पाहिजे..."

त्या प्रवचनकार बाईंचे नखरे ऐकून माझं डोकं फिरलं. तसाच खाली आलो. म्हटलं, हिला सांगण्यात अर्थ नाही.

दिवेलागणीला ती खाली आली. म्हणाली, "पोचल्या."

"कोण?"

"बाई." आणि सोफ्यावर बसून पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. राजश्री वहिनींनी पाठीवरून हात फिरवला. मेहताभाईंनी पाणी आणलं. सगळ्यांना वाटलं, आईचं मन शेवटी फुटलं. मी मनात म्हटलं, एका प्रवचनासाठी एवढं?

नंबर मात्र लावला नाही. का लावला नाही ते नक्की सांगता येत नाही. ती रडत होती त्या गडबडीत बोट बाजूला झालं.

६ ऑक्टोबर, रविवार

पाच वाजल्यापासून घड्याळासमोर. फोन नाही. साडेपाच. पावणेसहा. ईश्वर येरझाऱ्या घालतोय. सुगंधा गॅलरीत हळू आवाजात बोलत होती, "लंगडतायत?... उजवा?... काठी आहे ना हातात? मग असू दे. गाडी विचारू नका. येऊ दे त्यांना त्यांच्या पायांनी."

सहा वाजले. मी नंबर काढला. सुगंधा आत आली आणि तिने माझ्या मोबाइलवर हात ठेवला.

"अर्धा तास थांबा."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"सुगंधा, हात काढ. मी शब्द दिलाय, सहाला म्हणजे सहाला."

"अहो, ती येतेय. कशाला पोरीच्या मागे माणसं पाठवता? सगळं तिने केलंय आणि शेवटी पथक तिला उचलून आणणार? मग कोणासमोर मान वर करील ती?"

"तुला काय माहिती येतेय म्हणून?"

तिने हात काढला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा एवढा जोर मला लागला नव्हता. ईश्वर म्हणाला, "वहिनी, हे बरोबर नाही," तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बसला.

साडेसहाच्या आत फोन वाजला. अनोळखी नंबर. "पप्पा? सॉरी, पाय जरा मुरगळला, म्हणून उशीर झाला. फोनची बॅटरी गेली, हा चहावाल्याचा आहे. महाडला पोचलेय. तुम्ही त्यांना फोन तर नाही ना केला?"

"नाही," मी म्हटलं. मोबाइल सुगंधाकडे दिला. तिने एवढंच विचारलं, "टोपी आहे ना?"

मग स्वयंपाकघरात जाऊन परातीतला गार भात तसाच उभ्याने खाल्ला. तीन दिवसांत ती धड जेवली नव्हती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

तिला कसं कळलं ते कोडं सुटत नाही. आईचं काळीज, दुसरं काय. तिथे वायर लागत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पायाला पट्टी बांधून क्षितिजा सोफ्यावर. सगळी बिल्डिंग येऊन गेली. बिबट्या दिसला नाही हे ऐकून राजश्री वहिनींची जरा निराशा झाली असावी.

माणसं गेल्यावर मी विचारलं, "मग? कशी असतेस तू, कोणी विचारत नसताना?"

ती बराच वेळ हसत राहिली. "पप्पा, तीच तर गंमत. वाटेत माणसं भेटली. प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी उंबऱ्यात बसलेलं. पण एकानेही विचारलं नाही. कुठली, कुणाची, एकटी का, लग्न झालं का, काहीच नाही. पाणी मागितलं तर दिलं. मला वाटायचं, इकडे आपल्याला सगळे विचारतात, तिकडे माणसं किती वेगळी आहेत."

मी चेण्याचा अनुभव सांगितला. गावागावांत फरक असतो, हे आम्हां दोघांना पटलं.

"आणि शनिवारी," ती म्हणाली, "धुक्यात वाट गेली. काहीच दिसेना. पप्पा, मी घाबरले. बसून रडले. मग समोर एक निळी छत्री दिसली. एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. मी तिच्या मागून चालत राहिले. तिने एकदाही वळून बघितलं नाही. मी थांबले की तीसुद्धा थांबायची, भारा सावरायची. गाव दिसलं आणि ती दुसरीकडे वळली. मला थँक यू पण म्हणता आलं नाही."

"धुक्यात गवत कापायला कोण जातं?" मी म्हटलं.

"तेच ना," क्षितिजा म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत सुगंधाने मिक्सर लावला होता. त्यात काही होतं की नाही, कुणास ठाऊक. बराच वेळ नुसताच चालू होता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आश्विन पौर्णिमा. वर्षावासाचा समारोप म्हणून सुगंधाच्या माहेरी आलो. क्षितिजाही आली, पाय बरा झालाय. तिला पाहून मला वाटलं, आता बायकांचा घोळका पडेल, ट्रेकचं विचारतील. पण विहारात सगळ्या पांढऱ्या साड्यांत ओळीने बसलेल्या, तिच्याकडे पाहायच्या आणि पटकन नजर फिरवायच्या. चांगली वळणदार माणसं.

वंदना झाली, ग्रंथाचं शेवटचं पान वाचलं, खीरदान झालं. खीर वाढायला एक काटक बाई आली. सुगंधा म्हणाली, "बायजा, ही माझी मुलगी, क्षितिजा."

बायजाबाई म्हणाली, "व्हय का? पयल्यांदाच बघते."

क्षितिजा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर दाराकडे गेली. तिथे चपलांच्या ढिगाशेजारी दोन-चार छत्र्या टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली एक निळी. "जय भीम, मावशी," ती म्हणाली, आणि त्या अनोळखी बाईच्या गळ्यातच पडली. खिरीचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं. माझी मुलगी सहसा कुणाला मिठी मारत नाही. वाढदिवसालाही मला हात मिळवते. शहराबाहेर गेलं की माणूस बदलतं, हेच खरं.

सुगंधा पातेल्याकडे बघत होती. डोळे भरलेले.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "त्या प्रवचनकार बाई कुठल्या? मला कुणी दाखवल्याच नाहीत."

"आल्या होत्या," सुगंधा म्हणाली. "खीर खाऊन गेल्या."

क्षितिजाने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. जरा वेळाने म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी त्या बाईंना एकट्यांनाच जाऊ दे ना. अगदी एकट्यांना."

सुगंधाने खिडकीची काच ओढून लावली. मला नवल वाटलं, कारण मंडळाच्या कारभारात क्षितिजाने कधी लक्ष घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

"धुकं पडलं तर?" सुगंधाने विचारलं.

"तर बसतील त्या. रडतील थोडा वेळ. मग उठतील."

"बघते," सुगंधा म्हणाली. "मला जमतंय का ते बघते." आणि लेकीचा हात असा घट्ट धरला की क्षितिजा "आई, दुखतंय" म्हणाली, तरी तिने तो महाड येईपर्यंत सोडला नाही.